मिरासदार आणि उपरी

जानेवारी 2025 मध्ये मोटारींच्या शर्यतींच्या जगात एक करार जाहीर झाला. त्या कराराप्रमाणे बेल्जियम देशातील स्पा-फ्रँकोरशाँ येथे भरणारी फॉर्म्युला वनची शर्यत 2031 पर्यंत चालू राहावयाची आहे. मात्र 2028 आणि 2030 या दोन वर्षी ती होणार नाही. ही वार्ता मुदतवाढीची म्हणून सांगण्यात आली आणि यजमानांनीही ती समाधानाने स्वीकारली. वयोवृद्ध पित्यास मुलांनी सांगावे की, ‘आपण आमच्याच घरी राहावे, फक्त मधूनमधून एखादे वर्ष दुसरीकडे काढावे’, आणि त्याने त्याबद्दल मुलांचे आभार मानावेत, तशातलाच हा प्रकार आहे. जेथे 1925 पासून ग्राँ प्री शर्यती होत आल्या, ज्या स्थळाचे नाव या खेळाच्या नावापासून वेगळे काढता येत नाही, त्या स्थळासही आपली जागा राहील की जाईल या विवंचनेत वर्षे काढावी लागतात. यात काही अन्याय आहे काय, आणि असल्यास तो नेमका कशात आहे, याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

विषय ऐकून काही वाचक नाक मुरडतील. धनिकांच्या देशांतील धनिकांचा हा खेळ. त्याच्या वेळापत्रकाशी वाङ्मयाच्या मासिकाचा संबंध तो काय? परंतु प्रश्न मोटारींचा नाही. दीर्घकाळच्या वहिवाटीने एखाद्या स्थळास, संस्थेस किंवा मनुष्यास आपल्या जागेवर काही हक्क उत्पन्न होतो काय, हा प्रश्न गावच्या आठवड्याच्या बाजारापासून विद्यापीठाच्या अध्यासनापर्यंत सर्वत्र उभा असतो. आणि जेथे भावनेचा गलबला कमी व व्यवहाराचे आकडे उघडे, तेथे तो अधिक स्वच्छ दिसतो. पंढरीच्या यात्रेविषयी असा प्रश्न आपल्यापैकी कोणी निर्विकारपणे विचारू शकणार नाही. स्पाविषयी तो सहज विचारता येतो.

ज्यांचा या खेळाशी परिचय नाही त्यांच्यासाठी एवढे सांगितले पाहिजे की, फॉर्म्युला वनचे जागतिक अजिंक्यपद हे एका शर्यतीवर ठरत नाही. वर्षभर निरनिराळ्या देशांत निरनिराळ्या मार्गांवर शर्यती होतात, प्रत्येकीचे गुण मोजले जातात, व अखेरीस ज्याचे गुण अधिक तो अजिंक्य. ज्या मार्गावर शर्यत होते त्यास सर्किट म्हणतात. 1950 मध्ये ही स्पर्धा सुरू झाली तेव्हा वर्षाच्या शर्यती अवघ्या सात होत्या: इंग्लंडातील सिल्व्हरस्टोन, मोनाको, अमेरिकेतील इंडियानापोलिस, स्वित्झर्लंडमधील ब्रेमगार्टन, बेल्जियममधील स्पा, फ्रान्समधील रॅम्स आणि इटलीतील मोंझा. 2024 व 2025 या दोन्ही वर्षी हीच संख्या 24 होती. मूळच्या सातांपैकी चार स्थळे 2025 च्या वेळापत्रकातही दिसतात, ही गोष्ट पाऊणशे वर्षांच्या हिशेबात काही वाईट म्हणता येणार नाही. तथापि 1950 पासून एकही वर्ष न चुकता यजमानपद सांभाळलेले देश दोनच, इंग्लंड आणि इटली. ज्या फ्रान्सने 1906 मध्ये ग्राँ प्री हे नावच जगास दिले, त्या देशातील शर्यत 2022 नंतर झालेली नाही. आणि ज्या जर्मनीत मोटारीचा जन्म झाला, त्या देशाच्या नावाची शर्यत 2019 नंतर झालेली नाही. ‘उद्या कोण?’ हा प्रश्न प्रत्येक उन्हाळ्यात विचारला जातो तो या पार्श्वभूमीवर.

आता स्थळे गळतात ती सर्व एकाच रीतीने गळत नाहीत, आणि माझ्या मते साऱ्या विचाराची गुरुकिल्ली या भेदातच आहे. पूर्वी स्थळे गळत ती बहुधा भयाने. 1955 मध्ये फ्रान्समधील ल माँ येथे एक मोटार प्रेक्षकांत घुसून ऐंशीहून अधिक माणसे प्राणांस मुकली. त्यानंतर स्वित्झर्लंडने आपल्या भूमीवर अशा शर्यतींस बंदी घातली, आणि बर्न शहराजवळचा ब्रेमगार्टनचा मार्ग सुना झाला. जर्मनीतील न्यूरबुर्गरिंग हा मार्ग 1927 मध्ये खुला झाला. त्याचा उत्तरेकडील वेढा बावीस किलोमीटरांहून अधिक लांबीचा, डोंगर-अरण्यांतून वळसे घेत जाणारा. 1976 मध्ये तेथे निकी लाउडा जळत्या मोटारीत सापडला. तो वाचला, पण त्या लांब मार्गावर फॉर्म्युला वनची शर्यत पुन्हा झाली नाही.

स्पाची कथा याहून बोधक आहे. जुना स्पा म्हणजे फ्रँकोरशाँ, माल्मेदी आणि स्ताव्हलो या गावांमधून जाणाऱ्या सार्वजनिक रस्त्यांचा सुमारे चौदा किलोमीटरांचा त्रिकोण होता. कडेला घरे, झाडे, तारेची कुंपणे आणि खांब. मार्ग इतका लांब की, एका टोकास ऊन असावे आणि दुसऱ्या टोकास पाऊस. 1966 मध्ये पहिल्याच फेरीत पावसाने गाठले आणि जॅकी स्टुअर्टची मोटार रस्ता सोडून खाली गेली. तो आत अडकला; अंगावर पेट्रोल झिरपत होते; सोडविण्यास जवळ हत्यार नव्हते. दोन प्रतिस्पर्धी चालक स्वतःची शर्यत सोडून धावले, आणि लागणारे हत्यार एका प्रेक्षकाकडून मागून आणावे लागले. त्या दिवसापासून स्टुअर्टने सुरक्षिततेचा ध्यास घेतला, व त्याबद्दल पुष्कळांकडून भ्याडपणाचा आरोपही ऐकून घेतला. 1969 मध्ये चालकांनी स्पाला जाण्याचेच नाकारले. 1970 ची शर्यत जुन्या मार्गावरची अखेरची ठरली. पुढे स्पाने जुना त्रिकोण तोडून सुमारे सात किलोमीटरांचा नवा मार्ग बांधला, परंतु चढ-उताराचा जो भाग पाहावयास लोक येत तो राखला, आणि 1983 मध्ये शर्यत तेथे परत आली.

या साऱ्या प्रकरणात स्पाला बाहेर काढले गेले हे खरे; पण त्यात स्पावर अन्याय झाला असे म्हणता येत नाही. ‘तुझ्या रस्त्यावर माणसे मरतात’ हा आरोप होता. आरोपास उत्तर देता येते. स्पाने उत्तर दिले, ते पटले, आणि द्वार पुन्हा उघडले. म्हणून ज्यांना जुने ते सर्व पवित्र वाटते आणि जुना स्पा अथवा जुना न्यूरबुर्गरिंग गेल्याबद्दल जे अश्रू ढाळतात, त्यांच्या पंक्तीस बसण्याची माझी इच्छा नाही. माणसांच्या हाडांवर उभी असलेली परंपरा मोडणे हे पुण्यकर्मच होय.

दुसऱ्या तऱ्हेच्या गळतीकडे वळण्यापूर्वी एक मधली पायरी पाहावी. 2003 मध्ये स्पाची शर्यत झाली नाही. कारण काय, तर बेल्जियमने तंबाखूच्या जाहिरातींस आळा घालणारा कायदा केला, आणि त्या काळी शर्यतीच्या मोटारी तंबाखूच्या पैशावर धावत. म्हणजे राज्याने आपल्या प्रजेच्या आरोग्याचा विचार केला म्हणून त्याच्या शर्यतीस एक वर्ष घरी बसविण्यात आले. येथेही कारण होते, उघड सांगितलेले होते. पण अपराधी कोण आणि शिक्षा कोणास, याची अदलाबदल झालेली होती.

आज मात्र स्थळे टिकतात किंवा गळतात ती बहुतांशी शुल्कावर. शर्यत भरविण्यासाठी यजमानास व्यापारी हक्कांच्या मालक कंपनीला दरवर्षी मोठी रक्कम द्यावी लागते. हे यजमान-शुल्क, दूरचित्रवाणीचे हक्क आणि जाहिरातदार हे कंपनीच्या उत्पन्नाचे तीन मुख्य झरे; यजमानाच्या हाती उरतो तो मुख्यतः तिकिटांचा पैसा. या व्यवहाराचे गणित सिल्व्हरस्टोनने जगापुढे मांडून ठेवले आहे. तेथील शुल्क 2010 मध्ये 1 कोटी 15 लाख पौंड होते व दरसाल शेकडा पाच या दराने वाढावयाचे होते. 2017 मध्ये ते 1 कोटी 62 लाखांवर गेले. 2026 पर्यंत अडीच कोटींवर जाणार होते. प्रेक्षकांची तेथे कधी वाण पडली नाही. तरीसुद्धा मालक क्लबास 2015 मध्ये 28 लाख आणि 2016 मध्ये 48 लाख पौंडांचा तोटा आला. घर भरलेले आणि यजमान कंगाल, असे हे लग्नकार्य! जुलै 2017 मध्ये क्लबाने करारातील सुटकेचे कलम वापरले व 2019 नंतर आम्ही शर्यत घेणार नाही असे कळविले. मग वाटाघाटी झाल्या, 2019 मध्ये नवा करार झाला, आणि 2024 मध्ये त्याची मुदत 2034 पर्यंत वाढविण्यात आली. ज्या स्थळी या स्पर्धेची पहिली शर्यत झाली त्यास आपली जागा राखण्यासाठी ती सोडण्याची धमकी द्यावी लागली. इतिहासाने जे मिळाले नाही ते धमकीने मिळाले.

कारण आणि भाव यांतील नैतिक अंतर मला येथे दिसते. कारण सांगणारा मनुष्य आपणास उत्तर देण्यास पात्र समजतो. ‘तुझा रस्ता घातक आहे’ असे म्हणणाऱ्याने न कळत एक वचनही दिलेले असते की, रस्ता सुधारलास तर माझी हरकत राहणार नाही. भावात असे वचन नसते. भावाचे उत्तर फक्त अधिक भाव, आणि त्याचे उत्तर त्याहून अधिक. आज पुरेशी ठरलेली रक्कम उद्या अपुरी ठरते. यजमानाने काही बिघडविले असे नव्हे. दुसरा कोणी अधिक देऊ करतो एवढेच. जागा मोजक्या आणि उमेदवार अधिक असले की, कोणाचीही जागा पक्की न ठेवणे हेच विक्रेत्याच्या हिताचे असते. म्हणून वेळापत्रकाची ही अनिश्चितता म्हणजे काही व्यवस्थेतील ढिसाळपणा आहे असे कोणी समजू नये. ती त्या धंद्याचे भांडवल आहे.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. ज्यास जागतिक अजिंक्यपद म्हणावयाचे त्याच्या शर्यती पिढ्यानपिढ्या युरोपातल्या मूठभर गावांनी आपसात वाटून घ्याव्यात, आणि मग त्या वाटपास परंपरा असे गोड नाव द्यावे, यात कोणता न्याय? आफ्रिका खंडात 1993 मधील क्यालामीच्या शर्यतीनंतर एकही शर्यत झालेली नाही. जुन्यांचा हक्क कायमचा मानला तर नव्यांनी दारातच उभे राहावयाचे काय? आम्ही हिंदी लोकांनी तरी हा आक्षेप टाळता कामा नये. जुन्या क्लबांच्या दारांवरील पाट्या आम्ही वाचलेल्या आहेत.

परंतु भावाचा बाजार नव्यांस तरी न्याय देतो काय, हे आपल्याच देशाच्या उदाहरणावरून पाहावे. उत्तर प्रदेशात ग्रेटर नोएडाजवळ 5.125 किलोमीटर लांबीचे बुद्ध इंटरनॅशनल सर्किट एका खाजगी उद्योगसमूहाने बांधले, आणि 30 ऑक्टोबर 2011 रोजी तेथे पहिली इंडियन ग्राँ प्री झाली. त्याच जिल्ह्यात त्याच वर्षीच्या मे महिन्यात महामार्गाच्या भूसंपादनावरून शेतकरी व पोलीस यांच्यात रक्तपात झाला होता, याची आठवण त्या दिवशीच्या झगमगाटात फार थोड्यांस राहिली. शर्यत चांगली झाली. मार्गाची चालकांनी प्रशंसा केली. 2011, 2012 आणि 2013 या तिन्ही वर्षी सेबॅस्टियन फेटेल जिंकला, आणि तिसऱ्या वर्षी तर त्याचे चौथे अजिंक्यपदही तेथेच निश्चित झाले. पण हा खेळ की करमणूक यावर राज्य सरकारशी कराचा वाद निर्माण झाला होता. 2014 मध्ये एक वर्ष विश्रांती आणि 2015 मध्ये पुनरागमन असे सांगण्यात आले. ते पुनरागमन झाले नाही. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या मार्गासच परदेशी कंपनीचे भारतातील कायम स्वरूपाचे आस्थापन ठरवून तिचे उत्पन्न करपात्र मानले. शर्यत जाऊन चार वर्षे झाली होती! ‘कायम’ हा शब्द त्या मार्गाच्या वाट्याला आला तो फक्त करापुरता.

दक्षिण कोरियातील योंगाम येथे 2010 ते 2013 एवढ्या चारच शर्यती होऊन तोट्याचे ओझे प्रांतिक सरकारच्या माथी बसले. मलेशियातील सेपांगने 1999 पासून एकोणीस वर्षे शर्यत सांभाळली, आणि 2017 नंतर ती परवडत नाही म्हणून सोडून दिली. तेव्हा हा जुने आणि नवे यांचा कलह नाही. नव्यांस आत घेतले ते नवे म्हणून नव्हे, आणि सोडले तेही नवे म्हणून नव्हे.

आपल्याकडील जुन्या महसुली व्यवस्थेत जमीन कसणाऱ्यांचे दोन वर्ग होते हे वाचकांस ठाऊक असेलच. मिरासदार हा गावचा पिढीजात कुळवाडी. तो सारा भरीत आहे तोवर त्यास जमिनीवरून कोणी उठवू शकत नसे, आणि दुष्काळाने किंवा धामधुमीने परागंदा झालेला मिरासदार पुष्कळ वर्षांनी परत आला तरी आपली मिरास मागू शकत असे. उपरी हा बाहेरून आलेला. कौलाची मुदत असेल तोवर त्याने कसावे आणि मुदत संपली की नव्याने बोलणे करावे. एल्फिन्स्टनने पेशवाईच्या मुलखाविषयी जो अहवाल लिहिला त्यात या भेदाची नोंद आहे. मिराशीत मला महत्त्वाची वाटते ती तिची अट. मिरास फुकट नव्हती. सारा द्यावा लागे, आणि गावकीची ओझीही मिरासदाराच्याच अंगावर अधिक. पण त्याचा हक्क कर्तव्याशी बांधलेला होता, लिलावाशी नव्हे. शेजाऱ्याने दुप्पट सारा देऊ केला म्हणून मिरासदाराचे शेत त्यास मिळत नसे. उपऱ्यावरही ती व्यवस्था अगदी क्रूर होती असे नाही. त्यास निदान कौलाची मुदत आधी माहीत असे.

या दृष्टीने पाहिले म्हणजे आजच्या शर्यतींच्या जगात मिरासदार कोण हे शोधून काढण्यास मोठी गंमत वाटते. 2001 मध्ये मोटार-खेळाच्या आंतरराष्ट्रीय नियामक संघटनेने या स्पर्धेचे व्यापारी हक्क बर्नी एक्लस्टोनच्या कंपनीस भाडेपट्ट्याने दिले. पट्ट्याची मुदत किती? 2011 पासून पुढे शंभर वर्षे. किंमत तीस कोटी डॉलरांच्या थोडी वर. 2017 मध्ये लिबर्टी मीडिया या अमेरिकन कंपनीने सारा व्यवहार विकत घेतला, आणि तो पट्टाही अर्थातच त्याबरोबर गेला. म्हणजे ज्यांच्या रस्त्यांवर शर्यती होतात ते तीन, पाच किंवा दहा वर्षांचे उपरी, आणि ज्यांचा हातभर रस्ता नाही ते शतकाचे मिरासदार. दीर्घ मुदतीची निश्चिती ही आधुनिक व्यापारास परवडत नाही असे ज्यांना वाटते, त्यांनी या एका आकड्याकडे अवश्य पाहावे. ती परवडते, प्रश्न कोणास द्यावयाची एवढाच.

मग स्पाला एक वर्षाआड बोलावण्यात वावगे काय? पाळी ही तर आपल्या परिचयाची न्याय्य रीत. भाऊबंदांत देवस्थानची पूजा पाळीने चालते, विहिरीचे पाणी पाळीने मिळते, आणि पाळीबद्दल कोणी अपमान मानीत नाही. हे मला सर्वस्वी मान्य आहे. चोवीस जागा आणि चाळीस उमेदवार असे असेल, तर सर्वांनी पाळी धरावी. वर्षातून चोवीस आठवडे घरादारापासून दूर राहणाऱ्या यांत्रिकांचा विचार केला तर जागा चोवीसहून वाढवाव्यात असे कोणी म्हणणार नाही. परंतु पाळी सर्वांस सारखी असेल तरच ती पाळी. मोनाकोच्या अरुंद गल्ल्यांत एका मोटारीने दुसरीस मागे टाकणे जवळजवळ अशक्य. केवळ शर्यत म्हणून पाहिली तर ती कित्येकदा मिरवणुकीसारखी चालते. तरी त्या बंदरातील श्रीमंतांच्या नौकांच्या पुण्याईने तेथील करार 2035 पर्यंत पक्का आहे, आणि त्यात पाळी नाही. जानेवारी 2024 मध्ये माद्रिदला 2026 पासून दहा वर्षांसाठी स्पॅनिश ग्राँ प्री देण्यात आली. त्या वेळी तेथील मार्ग कागदावरच होता, आणि त्या कागदासही पाळी लावलेली नाही. सात डोंगरी किलोमीटर आणि शंभर वर्षे जवळ असलेल्यासच पाळी लागते, तेव्हा तिला वाटणी म्हणणे कठीण जाते. ती हप्त्याहप्त्याने केलेली बेदखली आहे.

हॉलंडमधील झांडफोर्टचा मार्ग उत्तर समुद्राच्या काठी वाळूच्या टेकड्यांत आहे. 1952 पासून मध्ये काही वर्षे वगळता 1985 पर्यंत तेथे ही शर्यत झाली. मग ती गेली, आणि मार्गाच्या एका भागावर सुटीतील विश्रांतिगृहे उभी राहिली. छत्तीस वर्षांनी, 2021 मध्ये, परागंदा मिरासदार परतावा तशी ती शर्यत उरलेल्या मार्गावर परत आली. त्या देशाचा एक तरुण चालक, मॅक्स व्हर्स्टापेन, त्या वर्षी अजिंक्यपदाच्या वाटेवर होता, आणि नारिंगी कपड्यांतील माणसे आगगाडीने व सायकलींनी लोटली. सरकारी मदतीवाचून तो सारा खटाटोप खाजगी चालकांनी चालविला. डिसेंबर 2024 मध्ये त्यांनी जाहीर केले की, 2026 ची शर्यत ही आपली शेवटची. दरवर्षी शर्यत चालू ठेवणे किंवा वर्षाआड घेणे, या दोन्ही पर्यायांची त्यांच्याशी चर्चा झालेली होती. भरल्या मैदानानिशी, कोणी उठविण्यापूर्वी, त्यांनी स्वतःच उठावयाचे ठरविले.

त्यानंतर महिनाभराने स्पाचा करार झाला, आणि स्पाने वर्षाआडची पाळी पत्करली. स्पाला मी नावे ठेवीत नाही. तेथे वालोनिया प्रांताच्या सरकारचा पैसा गुंतलेला आहे, आणि आर्देनच्या अरण्यातील लहान लहान गावांच्या खाणावळी व मुक्कामाच्या खोल्या त्या एका आठवड्यावर पुष्कळ अवलंबून आहेत. 2028 च्या उन्हाळ्यात आपल्याकडे कोणी येणार नाही, हे त्या खाणावळवाल्यांस साडेतीन वर्षे आधी कळले, एवढी निश्चिती मात्र या कराराने त्यांच्या पदरात घातली आहे.